शोभाचा अपूर्ण भूतकाळ

इंग्रजी शिकायचं ठरवल्यावर शोभा आधी नवऱ्याकडेच आली होती. ही गोष्ट अनिल सोमकुंवरला पुढे विसरावीशी वाटली, पण विसरता आली नाही.

अनिल सौंसरमध्ये इंग्रजीची शिकवणी घ्यायचा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या खोलीत त्याचा क्लास होता. दहावी-बारावीची पोरं लोधीखेड्यापासून बोरगावपर्यंत कुठूनकुठून यायची. व्याकरण शिकावं तर सोमकुंवर सरांकडे, असं गावात म्हणत, आणि ते त्याला माहीत होतं. शोभा एका खाजगी शाळेच्या ऑफिसात कामाला होती. दिवाळीनंतरच्या सत्रापासून समोरच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला पालकांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे, असं शाळेने ठरवलं, आणि शोभाला ते टेबल हवं होतं.

"रोज संध्याकाळी थोडं शिकवता का मले?" तिने विचारलं.

अनिलने शिकवायला घेतलं. दोनच संध्याकाळी ते चाललं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काल पाच वाजता मी भाजी घेत होते. सांग इंग्रजीत."

"आय टेक व्हेजिटेबल."

"घेते नाही, घेत होते. काळ ओळख. अपूर्ण भूतकाळ आहे हा. वॉज किंवा वेअर, पुढे क्रियापद, क्रियापदाला आयएनजी. दहावीतल्या पोरीलाही येतं हे."

"मले दहावी होऊन लय वर्षं झाले," शोभा म्हणाली.

"वर्षं झाली. आधी मराठी तर शुद्ध बोल."

शोभा "कुकर लावते," म्हणून उठली. तिसऱ्या दिवशी ती आली नाही आणि अनिलनेही बोलावलं नाही. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. दिवसभर पोरांपुढे बोलून घसा बसलेला असायचा. मुलगी दीपाली नर्सिंगला नागपूरला गेल्यापासून घर शांत झालं होतं आणि ती शांतता त्याला आवडू लागली होती.

पंधरा-वीस दिवसांनी जेवताना शोभा म्हणाली, "मी पांढुर्ण्याला क्लास लावला. रविवारचा आहे, नोकरीवाल्या लोकांसाठी. पुष्पा पण आहे सोबत."

पुष्पा म्हणजे शेजारच्या गल्लीतली अंगणवाडीवाली.

"कोणाचा क्लास?"

"वैभव गावंडेचा."

अनिलचा हात ताटातच थांबला. वैभव गावंडे त्याचा विद्यार्थी होता. मोहगावच्या संत्र्याच्या बागायतदाराचा पोरगा, सायकलने सौंसरला यायचा. इंग्रजीत बेताचाच. अनिलला तो एका प्रसंगावरून चांगला आठवत होता. 'आय वॉज ईटिंग'चं मराठी विचारलं तर वैभव म्हणाला होता, "मी जेवून राहिलो होतो." अनिल म्हणाला, "ही भाषा बैलाशी बोल. इथे मराठीत बोलायचं. मी जेवत होतो." वर्ग हसला होता. वैभव तास संपेपर्यंत उभा होता. आता पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून तिथे नवीन ऑफिसं आली, बदलून आलेली माणसं आली, आणि त्यांच्यात त्या पोराचं नाव झालं होतं. अनिलच्याही क्लासातली काही पोरं या वर्षी तिकडे गेली होती. अनिलने ते कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"त्याला स्वतःला येतं का इंग्रजी?" तो म्हणाला.

"तुमच्याजवळच शिकला ना तो," शोभा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते अनिलला जास्त लागलं.

दर रविवारी सकाळी मोहगाववरून जाणाऱ्या बसने दोघी निघत आणि दुपार कलल्यावर परत येत. येताना शोभाचा चेहरा वेगळा असायचा. नवीन साडी घेतलेली बाई ती कोणाला दाखवायच्या आधी जशी दिसते, तसा. अनिल काही विचारायचा नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगताना वैभवचं नाव घेईल, हे त्याला नको होतं.

पण वैभव घरात आलाच. त्याने क्लासचा एक ग्रुप केला होता. रोज एक व्हॉइस नोट पाठवायची: काल एका ठरावीक वेळी तुम्ही काय करत होता, आजूबाजूला काय चाललं होतं, आणि मध्येच काय झालं. शोभा संध्याकाळी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून बोलायची. आतल्या खोलीच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. अनिल तिथेच पेपर तपासत बसायचा. आधी बैठकीत बसायचा. जागा का बदलली ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

पहिल्या काही दिवसांत त्याने फक्त चुका मोजल्या. मग त्याच्या लक्षात आलं, चुका कमी होताहेत. आणि मग त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. तिच्या बोलण्यात अशा गोष्टी येत होत्या ज्या त्याला माहीतच नव्हत्या. शाळेच्या गेटजवळ एक म्हातारा रोज नातवाची वाट बघत बसतो आणि नातू आला की झोपेचं सोंग घेतो. ऑफिसातला शिपाई केशवराव कागदांना टाचण्या लावता लावता रडत होता, कारण त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं मोडलं होतं. शोभा हे सगळं तुटक इंग्रजीत सांगत होती, आणि ऐकणारा पांढुर्ण्यात होता.

एके दिवशी ती म्हणाली, "यस्टरडे इव्हनिंग आय वॉज सिंगिंग इन द किचन. व्हेन माय हसबंड केम, आय स्टॉप्ड."

अनिलचं लाल पेन थांबलं. शोभा गाते? त्याने आठवून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आंबेडकर जयंतीला बायकांच्या घोळक्यात गायलेलं सोडलं तर त्याने तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. काल तो घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात फक्त पंख्याचा आवाज होता. म्हणजे तो यायच्या आधी गाणं चालू होतं, आणि त्याच्या चपलांचा आवाज आल्यावर थांबलं होतं.

थोड्या वेळाने मोबाइलमधून वैभवचा आवाज आला. "एकदम बरोबर, मॅडम. लांब काम चालू होतं, छोटं काम आडवं आलं. चालू होतं त्याला वॉज आणि आयएनजी, आडवं आलं त्याला साधा भूतकाळ. शाब्बास. आन गाणं कोणतं होतं, ते पण सांगा."

शोभा हसली. मग फोन तोंडाशी धरून काहीतरी सांगितलं, हळू. अनिल खुर्चीवरून अर्धा उठला, तरी त्याला ऐकू आलं नाही.

जेवताना त्याला एकच विचारायचं होतं, गाणं कोणतं होतं. पण ते विचारलं तर खिडकीमागे बसून ऐकत होतो हे उघड झालं असतं. तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. 'स्टॉप्ड' नाही म्हणत. शेवटी ट येतो. स्टॉप्ट."

शोभाने त्याच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि त्याला भात वाढला.

त्यानंतर अनिलला नवीन सवय लागली. ती शाळेत असताना तो दुपारी तिला फोन करायचा. रविवारी तर दोन-तीनदा. उचलायला उशीर झाला की विचारायचा, "फोन केला तेव्हा काय करत होतीस?"

"बसमध्ये होती. पुष्पाशी बोलून राहिली होती."

"आणि त्याच्या आधी?"

"क्लासमध्ये."

"क्लास तर केव्हाच सुटला असेल."

"सुटला. मग चहा पिऊन राहिलो होतो सगळे जण. वैभव सर, पुष्पा, तहसीलमधले दोघं. अजून काही?"

वर्गात हाच काळ शिकवताना अनिल नेहमी एक उदाहरण द्यायचा: इन्स्पेक्टर विचारतो, चोरी झाली तेव्हा तुम्ही काय करत होता? या वर्षी ते उदाहरण देताना त्याची जीभ अडखळली, आणि त्याने ते सोडून दिलं.

त्याच आठवड्यात बारावीतला कुणाल त्याला म्हणाला, "सर, अपूर्ण भूतकाळ मले आता पक्का समजला. वैभव सरांचा व्हिडिओ पाहिला."

अनिलने "छान" म्हटलं, आणि पोरं गेल्यावर खोलीचं दार लोटून तो व्हिडिओ पाहिला.

वैभव फळ्यापुढे उभा होता. साधा चेक्सचा शर्ट, अंगाने भरलेला, आवाज मोकळा. तो म्हणत होता, "पुस्तकातली मराठी म्हणते, मी जेवत होतो. आन तीच मराठी म्हणते, मी त्याला ओळखत होतो. दोन्हीकडे 'त होतो'. म्हणून आपण फसतो, आन म्हणतो 'आय वॉज नोइंग हिम'. चूक. आता आपल्या घरची बोली घ्या. मी जेवून राहिलो होतो. बरोबर वाटते? मग लावा वॉज ईटिंग. आता म्हणून पाहा, मी त्याले ओळखून राहिलो होतो. म्हणतो का आपण असं?" वर्गात हशा. "नाही म्हणत. मग तिथं आयएनजी नाही. आय न्यू हिम. अजून एक. माझा आजा रोज पायी शेतात जात होता. रोज जाऊन राहिला होता म्हणतो का? नाही. मग तिथं पण वॉज गोइंग नाही. जिथं आपलं 'राहिलो' बसते, तिथं इंग्रजीचं आयएनजी बसते. देवाने आपल्या तोंडात व्याकरण घालून पाठवलं आन आपण लाजून राहिलो."

अनिलने व्हिडिओ पुन्हा लावला. त्यात चूक शोधायला बसला होता तो. एखाददुसरं क्रियापद सापडलं जिथे नियम थोडा ताणला जात होता. पण मुद्दा पक्का होता. 'आय वॉज नोइंग' ही चूक पोरांच्या वह्यांत तो वर्षानुवर्षं लाल करत आला होता. ती का होते हे त्याला कधी कळलं नव्हतं. ती त्याने शिकवलेल्या शुद्ध मराठीतूनच येत होती. आणि राहिलो तर तोही बोलायचा, लहानपणी, आईशी, मामांशी. नागपूरला बीएड करायला गेला तेव्हा होस्टेलमधले पुण्याकडची पोरं हसली, आणि त्याने ते जिभेवरून खरवडून काढलं. हे आपल्याला का सुचलं नाही, हा विचार दुपारभर त्याच्या मनातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या बॅचला अनिलने तोच धडा घेतला. आज नवीन पद्धत सांगतो, म्हणाला, आणि फळ्यावर लिहिलं: मी जेवून राहिलो होतो. त्याच्या तोंडून तो शब्द ऐकून पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्याने ओळखण्याचं उदाहरण दिलं, आजोबांचं दिलं, फक्त आजोबांच्या जागी काका घातले.

पुढच्या बाकावरची शीतल म्हणाली, "सर, हे तर वैभव सरांचं आहे."

तिने ते इतक्या सहज सांगितलं, की जणू खाली पडलेला खडू उचलून देत होती. अनिल म्हणाला, "व्याकरण कोणाच्या बापाचं नसतं," आणि फळा पुसला. मागच्या बाकावर कोणीतरी दाबून हसलं.

त्या रविवारी तो मोटारसायकल काढून पांढुर्ण्याला गेला. शोभाला सांगितलं नाही. मोहगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, कापसाची बोंडं फुटलेली पऱ्हाटी, रस्त्याच्या कडेला क्रेट भरून उभे असलेले ट्रक. आपण कशाला चाललो आहोत याचं त्याने मनाशी एक उत्तर तयार ठेवलं होतं: जुन्या विद्यार्थ्याचा क्लास बघायला. पण खरं उत्तर वेगळं होतं. ती तिथे कशी हसते ते त्याला बघायचं होतं.

क्लास एका बंद पडलेल्या कापूस गोदामाच्या पुढच्या हॉलमध्ये होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, साड्या, शर्ट, एखाददुसरा पिकलेल्या केसांचा माणूस. अनिल दाराशी आला तसा वैभव बोलता बोलता थांबला आणि पुढे आला. त्याने वाकून पाया पडायचा प्रयत्न केला. अनिलने त्याला धरलं.

"हे माझे सर," वैभव सगळ्यांना म्हणाला. "सोमकुंवर सर. सौंसरचे. यांनी मले एकदा या 'राहिलो'वर तासभर उभं ठेवलं होतं. उभ्या उभ्याच मी विचार करून राहिलो होतो, की हे चूक आहे तर मग सोपं कसं वाटते?"

हॉल हसला. त्यात कोणी अनिलला हसत नव्हतं. पण त्याचे कान तापले. शोभा तिसऱ्या रांगेत पुष्पाशेजारी बसली होती. ती हसत नव्हती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर समोर नेली. वैभवने अनिलला मागे खुर्ची दिली.

त्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आपल्या आयुष्यातला एक क्षण सांगायचा होता. एका बाईने मुलाच्या जन्माच्या वेळचं सांगितलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने जांब नदीला पूर आला होता तेव्हाचं सांगितलं. चुका होत होत्या, वैभव मान हलवत ऐकत होता, एकालाही मध्ये थांबवत नव्हता. सगळं संपल्यावर एखादीच चूक काढायचा. हे कसलं शिकवणं, अनिलच्या मनात आलं, आणि ते मनात आल्यावर त्याला बरं वाटलं.

मग शोभा उभी राहिली. पदर खोचला. तिचा आवाज आधी कापला, मग स्थिर झाला.

"इट वॉज डिसेंबर. आय वॉज पिकिंग कॉटन विथ माय मदर. इन बोरगाव. सन वॉज गोइंग डाउन. माय फादर केम ऑन सायकल. ही वॉज स्मायलिंग."

अनिलला कळलं की ती त्यांच्या लग्नाची बोलणी पक्की झाली त्या दिवसाचं सांगते आहे. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"ही से, बॉय्ज फॅमिली से येस. बॉय इज टीचिंग इंग्लिश."

"सेड," अनिल म्हणाला.

माना मागे वळल्या. शोभा थांबली.

"से नाही. ही सेड. आणि इज टीचिंग नाही इथे. वडील भूतकाळात सांगताहेत, म्हणजे वॉज टीचिंग. काळ सांभाळायचा." त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, वर्गातला, खणखणीत. थांबता येत नव्हतं.

"सर, होऊ द्या त्यांचं," वैभव हळूच म्हणाला.

"चूक तिथल्या तिथे काढली नाही तर ती पक्की होते. मी तरी असंच शिकवलं तुला."

शोभाने ओठ ओले केले. "ही सेड. बॉय वॉज टीचिंग इंग्लिश. दॅट टाइम आय वॉज थिंकिंग…"

"अॅट दॅट टाइम," अनिल म्हणाला.

शोभा आता पूर्ण वळली. तिसऱ्या रांगेतून तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. शाळेच्या टेबलावरून एखाद्या पालकाला सांगावं तसं, शब्द सुटे सुटे करून ती म्हणाली, "आय वॉज स्पीकिंग."

त्यात एकही चूक नव्हती.

मग ती खाली बसली. वैभवने म्हटलं, "मॅडम, पुढचं सांगा ना." शोभा म्हणाली, "एवढंच होतं." पुष्पाने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि अनिल खुर्चीतून उठून बाहेर गेला.

क्लास सुटल्यावर तो मोटारसायकलजवळ उभा होता. "बस," तो म्हणाला. "मी पुष्पासोबत आली, पुष्पासोबत जाईन," शोभा म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली. परतीच्या रस्त्यावर तो मोहगावपर्यंत त्या बसच्या मागे होता. ओव्हरटेक करता आलं असतं. खिडकीजवळ तिचं डोकं दिसत होतं. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

घरात भांडण झालं नाही. शोभा दोन वेळचं जेवण करायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. पण संध्याकाळी टाकीजवळ यायची बंद झाली. व्हॉइस नोट आता ती शाळेतूनच पाठवत असावी. अनिल सवयीने खिडकीजवळ पेपर घेऊन बसायचा, आणि बाहेर नुसतं अंगण असायचं. केशवरावच्या मुलीचं पुढे काय झालं, त्याला कळायला मार्ग नव्हता. वैभवला मात्र कळलं असेल. हे त्याच्या मनात दिवसातून कितीदा तरी येई, जेवताना, दाढी करताना, फळ्यावर तारीख लिहिताना.

दिवाळीनंतर नवीन सत्र सुरू झालं तेव्हा शोभाला ते टेबल मिळालं. हे त्याला पुष्पाकडून कळलं.

एका दुपारी शोभा चष्मा घरी विसरली, तो द्यायला अनिल शाळेत गेला. टेबलापुढे पालकांची रांग होती. तो मागे उभा राहिला. टेबलामागे बसलेली बाई फोनवर बोलत होती. "मॅडम, द प्रिन्सिपल वॉज टेकिंग अ क्लास व्हेन यू कॉल्ड. शी इज फ्री नाउ." अनिलने मनात वाक्य तपासलं, बरोबर असल्याची खूण केली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ही शोभा आहे. आधी व्याकरण ऐकलं, मग बायको. तो तिथे उभा राहून हे समजून घेत होता, तेवढ्यात रांग सरकली.

त्याने चष्मा पुढे केला. शोभाने घेतला आणि म्हणाली, "थँक यू सर. नेक्स्ट."

तिने वर पाहिलंच नव्हतं. रांगेतल्या कोणालाही म्हटलं असतं तसं ती म्हणाली होती. मग पाहिलं, आणि जरा चमकली, पण मागचा माणूस पुढे आला होता.

त्या संध्याकाळी शोभा ओसरीवर मेथी निवडत बसली होती. अनिल येऊन खाली, फरशीवर बसला. त्याने मेथीची एक काडी हातात घेतली.

"शोभा," तो म्हणाला, "त्या दिवशी, पांढुर्ण्यात. तू काय सांगून राहिली होती?"

शोभाचे हात थांबले. "कायले पाहिजे आता?"

"मी मध्येच तोडलं. म्हणून विचारून राहिलो."

तिने चार-दोन काड्या आणखी निवडल्या. मग बोलली, मराठीत, त्याच्याकडे न बघता. "मी न् माय कापूस वेचून राहिलो होतो. बाबा आले. म्हणाले, पोरगं इंग्रजीचं मास्तर आहे. माय तर रडाले लागली. आन मी विचार करून राहिली होती, की मास्तर भेटला. बारावीत माझं इंग्रजीच राहिलं होतं ना, बाकी सगळे पेपर निघाले होते. मले वाटलं, आता हे शिकवतील आन मी पुढं कॉलेज करीन. वस्तीतल्या पोरीइले सांगतलं बी होतं मी. लय खुश होती."

अनिलने हातातली काडी खाली ठेवली.

"मग लग्न झालं. तुम्ही दिवसभर दुसऱ्याइच्या पोराइले शिकवून राहिले होते. घरी आले की थकून जात. आज विचारू, उद्या विचारू, असं करता करता दीपाली मोठी झाली. शेवटी विचारलं, तर दोन दिवस."

तिने मेथीची जुडी बाजूला सारली. रडली नाही.

"मी शिकवू का आता?" त्याने विचारलं.

"आता नाही. वैभवची बॅच चालू आहे माझी. चांगलं शिकवते तो."

"तेच तर," अनिल म्हणाला. मग जे इतके दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघालं. "तू त्याचं नाव घेतलं की जळते माझं. तू त्याले सगळं सांगते. गाणं बी सांगितलं."

"माहीत आहे मले."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही खिडकीत बसून ऐकत होते ते. एकदा शिंकले होते ना तुम्ही." तिच्या ओठाच्या कडेला हसू आलं आणि गेलं. "मले वाटलं, आता बाहेर येतील, विचारतील. पाहून राहिली होती मी. पण तुम्ही आले न् म्हणाले, स्टॉप्ट."

अनिलने मान खाली घातली. शेजारच्या घरी कोणीतरी नळाखाली बादली ओढली.

"आन तुमची मले माफी नको," शोभा म्हणाली. "पोटात जळते तर जळू द्या. त्याचं मी काय करू? फक्त मी बोलून राहिली असली तर मध्ये नका बोलू. माझं झालं की मग सांगा काय चुकलं ते."

"बरं," तो म्हणाला.

ती उठली, मेथी घेऊन आत गेली. गाणं कोणतं होतं ते त्याने अजूनही विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं, पण तिने आपण होऊन सांगावं असंही वाटलं, आणि तो तिथेच बसून राहिला.

पुढच्या रविवारी त्याने तिला मोटारसायकलवर बसस्टँडपर्यंत सोडलं. बस निघाली तेव्हा त्याचं तसंच जळलं जसं आधी जळायचं. ते गेलं नव्हतं, आणि लवकर जाईल असं त्याला वाटलंही नाही. त्याने दुपारी फोन केला नाही, एवढंच. चारच्या सुमारास शोभाचाच आला. बस मोहगावच्या एका लग्नाच्या गर्दीत अडकली आहे, उशीर होईल, भाताला आधण ठेवा.

सोमवारी दहावीच्या बॅचला अपूर्ण भूतकाळाची उजळणी होती. अनिलने फळ्यावर पुन्हा लिहिलं: मी जेवून राहिलो होतो. शीतल पुढच्या बाकावर बसून बघत होती.

"ही रीत माझी नाही," तो वर्गाला म्हणाला. "त्या दिवशी मी माझी म्हणून शिकवली. ती पांढुर्ण्याच्या वैभव गावंडेची आहे."

तो माझाच विद्यार्थी, हे पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. त्याने ते गिळलं. गिळायला जड गेलं. मग तो वळला आणि विचारलं, "चला, आता प्रत्येक जण एक सांगा. काल संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा घरात काय चालू होतं?"

एक पोरगी उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात चुकली. अनिलने खडू खिशात टाकला आणि तिचं संपेपर्यंत ऐकलं.